पाच वाजता नाक्यावर उरलेली माणसं

उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाच्या स्वभावाची माणसं मत्तयाच्या विसाव्या अध्यायात भेटतात: द्राक्षमळ्यात सकाळपासून राबलेले मजूर. दिवसभर उन्हात खपलेल्याला एक दीनार आणि दिवस कलताना आलेल्यालाही एक दीनार, म्हणून ते कुरकुरतात. हा दाखला चर्चमध्ये वाचला जातो तेव्हा आपल्यातल्या बहुतेकांचं मन त्या कुरकुरणाऱ्यांच्याच बाजूला असतं. पाळकांना ते ठाऊक असतं. मग उपदेश चटकन स्वर्गाकडे वळतो: कुणी लहानपणी विश्वास ठेवतो, कुणी मरणाच्या दारात, तारण दोघांना सारखंच. अर्थ खरा आहे. पण येशूनं तो मजुरीच्या हिशेबातून सांगितला, आणि तो हिशेब न मांडताच पुढं जाणं मला पटत नाही.

आमच्या देवळाली प्रवरात तर मुळीच नाही. भंडारदरा धरण 1926 साली पूर्ण झालं, प्रवरेच्या कालव्यांचं पाणी फिरलं आणि हा पट्टा बागाईत झाला. बागाईत आलं तसा रोजानं जाणारा माणूसही आला. ऊसतोडीला पाथर्डी-शेवगावच्या, बीडच्या टोळ्या येतात. लेंटच्या या दिवसांत उन्हाळी कांदा काढणीला येतो, तेव्हा सकाळी टेम्पो भरून बाया रानात जातात. काम उक्तं असलं तर मुकादम नजरेनंच माणसं निवडतो. तरणीताठी आधी. मागं उरते ती गुडघे धरलेली म्हातारी, कडेवर तान्हं असलेली लेकुरवाळी, नाहीतर आजारातून नुकता उठलेला गडी. दाखल्यात पाच वाजता रिकामे उभे असलेले ते हेच. मालक त्यांना विचारतो, दिवसभर इथं का उभे राहिलात? ते सांगतात, आम्हाला कुणी बोलावलंच नाही. त्यांना आळशी ठरवणारा उपदेश मी ऐकला आहे. शास्त्रात त्याला आधार नाही.

दीनार म्हणजे त्या काळी मजुराचा एका दिवसाचा रोज. तेवढ्यात घरचं त्या दिवसाचं भागायचं. एका तासाचा हिशेब करून दीनाराचा तुकडा हातात ठेवला असता, तर त्या रात्री चूल पेटली नसती. मालकानं तास मोजले नाहीत, घरची भाकरी मोजली. पहिल्यांना ठरलेली मजुरी पुरती मिळाली. त्यांच्या पदरचं काहीच गेलं नाही.

या मालकाची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्याच्याकडे कारभारी होता, हे संध्याकाळी कळतं; मजुरी वाटायला तो त्यालाच सांगतो. पण माणसं शोधायला दिवसातून पाच वेळा तो स्वतः बाजारात गेला. शोधणं स्वतःकडे, वाटणं दुसऱ्याच्या हाती. आपल्या मंडळ्यांत उलटं चालतं. गरजू कोण, याची यादी करायला आपण दुसऱ्याला पाठवतो आणि नाताळात साडी-ब्लँकेट द्यायला, फोटोसाठी, स्वतः पुढं उभे राहतो.

आता दाखल्याच्या आधीची ओळ बघा. एकोणिसाव्या अध्यायाच्या शेवटी पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागं आलो, तर आम्हाला काय मिळणार? त्याला मानाचं आश्वासन मिळतं आणि पाठोपाठ हा दाखला. म्हणजे तो बाहेरच्यांना नाही, सर्वांत आधी आलेल्या शिष्यांना सांगितलेला आहे. आणि मजुरी वाटताना मालक शेवटच्यांपासून सुरुवात करायला लावतो. पहिल्यांना आधी दिलं असतं तर ते समाधानानं घरी गेले असते. पण त्यांनी हे बघावं, अशीच त्याची इच्छा होती.

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला हे आतून लागायला हवं. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं. पुढं ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतले पुष्कळ महार-मांग समाजातले होते. गावानं त्यांना पिढ्यान् पिढ्या वेशीबाहेर उभं ठेवलेलं. पाच वाजेपर्यंत कुणी न बोलावलेले मजूर ते आपलेच पणजोबा-खापरपणजोबा. शाळा मिळाली, पुढं घराघरांतून शिक्षक, नर्स, कारकून झाले, हे देवाचं देणं. आता आपण पहिल्या बाकावर बसतो. आणि वस्तीवरचं एखादं नवं कुटुंब आलं, त्याला कमिटीत जागा किंवा मुलाला वसतिगृहात प्रवेश मिळाला, की आपण म्हणतो, आमच्या आजोबांनी हे चर्च बांधलं. ही कुरकूर मत्तयानं फार पूर्वी लिहून ठेवली आहे.

नारायण वामन टिळक आपल्याच तालुक्यात, राहुरीला, काही काळ राहिले. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती आणि न घेतलेल्या येशूभक्तांनाही. आधी आलेले आणि नंतर आलेले यांच्यातली भिंत त्यांना सोसवली नाही. 1919 च्या मे महिन्यात ते गेले आणि तो प्रयोग रुजायचा राहिला. मला ती आपल्या मंडळीची मोठी हानी वाटते.

दाखल्यातल्या मालकासारखं ‘मागेल त्याला काम’ देण्याचं तत्त्व पुढं या राज्यानं कायद्यात आणलं. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी गावोगाव पोचली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. सरकारला जे सुचलं ते ख्रिस्ताच्या मंडळीला अवघड वाटू नये.

म्हणून या लेंटमध्ये मांस सोडण्याआधी काही हिशेब तपासावेत. अनुवाद चोविसाव्या अध्यायात सांगतो की गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी. याकोब म्हणतो की कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते आणि ते देवाच्या कानी जातं. आपल्या संस्थांतले शिपाई, सफाईवाल्या, कंत्राटावरच्या शिक्षिका यांचा पगार किती महिने थकलाय? शेत असलेल्या ख्रिस्ती घरात कांदा काढणाऱ्या बाईला गड्यापेक्षा कमी रोज का? समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला, आणि वाकून दिवस काढणारी कंबर तिचीही आहे. रोज वाढवणं आपल्या हातात आहे. त्यासाठी सिनॉडचा ठराव लागत नाही. आणि ज्या म्हातारीला मुकादमानं टेम्पोत घेतलं नाही, तिच्या घरी कमिटीतल्या कुणीतरी स्वतः जावं. यादी मागवू नये.