आधी विचारा, मग खोली ठरवा

आई-वडिलांच्या लग्नाचा वाढदिवस साजरा करावा की करू नये, हा वाद आता उरलेला नाही. आमच्या लहानपणी बडोद्याच्या मराठी घरांत साठीशांत होई, पंच्याहत्तरी होई, दैवाची कृपा असल्यास सहस्रचंद्रदर्शनही होई. लग्नाची तारीख मात्र जुन्या लग्नपत्रिकेत पडून राही. आता पन्नासावा, साठावा वाढदिवस घरोघर होतो आणि त्यानिमित्त वृद्ध दांपत्यास दोन दिवस रानातल्या, तळ्याकाठच्या किंवा डोंगरावरच्या एखाद्या हॉटेलात नेण्याची रीतही पडली आहे. ही परकी थेरे आहेत असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हांस बसावयाचे नाही. दोन माणसांनी साठ वर्षे एकमेकांना सांभाळले, याचा आनंद मानण्यास कोणत्या शास्त्राची परवानगी हवी? आमची तक्रार निराळी आहे. ज्यांच्या नावाने हा सोहळा चालतो, त्यांना कोणी काही विचारीत नाही.

निवड कशी होते ते पाहावे. पुण्याचा भाऊ, इंदूरची बहीण, परदेशातील नातू असे सर्व जण मोबाइलवर एकत्र जमतात. कोणी चार छायाचित्रे पाठवतो, कोणी किती तारे आहेत ते मोजतो, कोणी न्याहारी भाड्यात धरली आहे काय याची चौकशी करतो. तासाभरात खोल्या ठरतात. मग शेवटी एक सूचना येते: 'आजी-आजोबांना काही सांगू नका, सरप्राइज आहे!' या एका शब्दाखाली किती हयगय झाकली जाते, याचा हिशेब मांडण्यासाठीच आम्ही लेखणी उचलली आहे.

हा हिशेब प्रथम आमच्याच नावावर मांडणे न्याय्य होईल. आमच्या आई-वडिलांचा विवाह १९५९च्या वैशाखातला. २०१९ साली साठ वर्षे झाली, तेव्हा आम्ही भावंडांनी याच पद्धतीने, गुपचूप, डोंगरातले एक हॉटेल ठरवले. त्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण दोष त्याचा थोडा आणि आमचा फार होता. 'तळमजल्यावरील खोली' असे आम्हांस सांगण्यात आले होते व ते खोटे नव्हते. मात्र तो तळमजला रस्त्यापासून चाळीस पायऱ्या खाली होता. छायाचित्रात दरी होती, पायऱ्या नव्हत्या. रात्रीचे जेवण साडेआठला सुरू होई; दादांची जेवणाची वेळ सात. स्नानगृहात मोठे टब होते, धरावयास दांडी नव्हती. शेजारच्या हिरवळीवर कोणाची तरी मेजवानी मध्यरात्रीपर्यंत चालली. आई दोन दिवस 'छान आहे हो सगळे' म्हणत राहिली आणि घरी परतल्यावर सुजलेला गुडघा शेकत आठवडाभर पडून होती. आम्ही मात्र केकचे छायाचित्र सर्व नातेवाइकांस पाठवून मोकळे झालो होतो.

राज्य शासनाच्या सेवेत आमची तीस-बत्तीस वर्षे गेली. तेथे साधी दहा कपाटे घ्यावयाची झाली तरी आधी गरज लिहावी लागते. माप काय, पत्रा किती जाडीचा, ठेवणार कोठे, हे ठरल्यावाचून दरपत्रके मागवता येत नाहीत. शासकीय खरेदीस नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ज्याला वस्तू वापरावयाची त्याच्याकडून मागणीपत्र घेण्याचा शिरस्ता तेथे निदान कागदावर तरी आहे. घरी आम्ही काय केले? दर आधी पाहिला, देखावा आधी पाहिला, आणि वापरणाऱ्याचे मागणीपत्र घेतलेच नाही. कपाटाबाबत जी चूक आम्ही हाताखालच्या कारकुनास करू दिली नसती, ती जन्मदात्यांच्या बाबतीत स्वतः केली.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, अनपेक्षित आनंदाची गोडी सांगून कशी येईल? तरुणपणी ही गोडी असते हे मान्य. परंतु ज्याचा दिवस गोळ्यांच्या वेळांवर चालतो, सकाळी लघवीची गोळी घेतल्यावर ज्याला दोन-तीन तास प्रवास नको वाटतो, रात्री दोनदा उठताना कोणत्या बाजूस भिंत आहे हे ज्याला ठाऊक असावे लागते, त्याच्या दृष्टीने अनपेक्षित गोष्ट म्हणजे आधी धास्ती असते, आनंद मागाहून आला तर येतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'विचारले तरी ते एकच उत्तर देतात: तुम्ही ठरवाल ते.' खरे आहे. पण हे उत्तर मिळाल्याने आपले कर्तव्य संपत नाही. मुलांच्या खर्चाचा आणि रजांचा विचार करून दिलेले ते उत्तर असते. 'कोठे जायचे?' हा प्रश्न त्यांच्यापुढे टाकणे म्हणजे कोरा कागद देऊन सही मागणे होय. 'तुम्ही जेथे राहिलात, त्यांपैकी पुन्हा काय पाहावेसे वाटते?' असे विचारले, तर उत्तर येते.

तिसरा आक्षेप आमच्याच पिढीचा. 'या वयात हॉटेले कसली? गरुडेश्वरास न्या, नारेश्वरास न्या.' टेंबेस्वामींच्या समाधीचे दर्शन आमच्या घरातही पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे. त्याविषयी अनादर नाही. परंतु म्हाताऱ्या माणसास देवावाचून दुसरी इच्छाच नसते असे परस्पर ठरवणे, हेही न विचारण्याचेच एक रूप आहे. फरक एवढाच की, याला पुण्याईचे वेष्टन असते.

पासष्टाव्या वाढदिवसाच्या वेळी आम्ही शहाणे झालो, म्हणजे विचारले. दादांनी क्षणभरही न थांबता उत्तर दिले, 'दुधनी.' नातवंडांनी मोबाइलवर शोधले आणि दादरा-नगरहवेलीतील तलाव, त्यातले शिकारे यांची चित्रे पाहून ती खूश झाली. दादांच्या मनातली दुधनी ती नव्हती. १९६२ साली, म्हणजे ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो प्रदेश भारतीय संघराज्यात रीतसर सामील झाल्यावर लगेच, ते तिकडच्या एका पाड्यावर मराठी शाळेचे मास्तर म्हणून गेले होते. तीन वर्षे राहिले. तेव्हा तेथे तलाव नव्हता. पुढे दमणगंगेवर मधुबन धरण झाले, ऐंशीच्या दशकात पाणी पसरले आणि खोऱ्यातली शेते, वाटा व वस्त्या त्याखाली गेल्या. आज पर्यटक ज्याला निसर्गरम्य जलाशय म्हणतात, तो दादांच्या लेखी त्यांच्या रोजच्या वाटेवर साठलेले पाणी आहे.

आपणां मराठी मंडळींस हा मुलुख परका नसावा. नगरहवेली १७८३ साली पेशवाईनेच, 'सांताना' या जहाजाच्या भरपाईपोटी, पोर्तुगिजांच्या हवाली केली होती. ती १९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांनी सोडवली, त्यांत सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. मुंबईस जाताना वापी स्थानकावर आपली गाडी थांबते, आणि तेथून अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या सिल्वासाकडे आपण मान वळवूनही पाहत नाही. 'दुधनीत आहे काय?' असे आमच्या भावाने विचारले, तेव्हा दादांनी उत्तर दिले नाही. उत्तर आम्ही द्यावयास हवे होते: तेथे त्यांच्या वयाची सत्तावीस ते तीस ही तीन वर्षे आहेत.

येथपर्यंत आम्ही स्वतःवर बरेच प्रसन्न होतो. विचारण्याचे काम झाले असे समजून तलावाकाठची खोली घेण्याच्या बेतात होतो. त्या वेळी आमच्या सौभाग्यवतींनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली. 'वाढदिवस दोघांचा आहे. आईंना विचारलेत का?'

आम्ही आईस स्वयंपाकघरात, एकटीला गाठून विचारले. ती जरा वेळ शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, 'जाऊ की. त्यांना हौस आहे. पण मला तिथे रात्री राहायला नको, अरे. फार अंधार असे तिथे. आणि तू इथे होतास.'

तेव्हा आम्ही दोन वर्षांचे होतो. त्या बाजूस दवाखाना जवळ नाही, पावसाळ्यात नदी उतरून पलीकडे जाता येत नाही, म्हणून आम्हांस बडोद्यास आजीजवळ ठेवण्यात आले होते. दादांच्या आठवणीतली तीन वर्षे शाळेची, मुलांची, रानातल्या वाटांची होती. आईच्या आठवणीतली तीच तीन वर्षे कंदिलाची आणि दूर राहिलेल्या लेकराची होती. पासष्ट वर्षे दोघे एका घरात राहिली. 'आई-दादांना दुधनी फार आवडे' हे वाक्य घरात शेकडो वेळा बोलले गेले, आणि त्यातले 'आई' हे पद आम्ही कधी तपासून पाहिले नव्हते. आईस स्वतंत्रपणे विचारण्याची आमच्या आयुष्यातली ही बहुधा पहिली वेळ, हे लाज वाटत असूनही नमूद करणे आम्हांस भाग आहे.

या लेखाचे सारे म्हणणे त्या दोन उत्तरांत आहे. आई-वडील हे एक पद नव्हे. 'त्यांना आवडेल' असे म्हणताना आपण बहुतेक वेळा एकाचेच मन गृहीत धरतो, आणि बहुतेक घरांत ते वडिलांचे असते. तेव्हा विचारावयाचे ते दोघांना, आणि वेगवेगळे. यास जो वेळ लागतो तो हॉटेल शोधण्यास लागणाऱ्या वेळाहून कमीच असतो.

दोन्ही उत्तरे हाती आल्यावर बाकीचा बेत आपोआप ठरला. मुक्काम दुधनीस न करता खानवेलच्या बाजूस केला. सिल्वासाहून दुधनी सुमारे ४० किलोमीटर, डोंगरातल्या वळणांची वाट. खानवेल त्याच वाटेवर, साधारण निम्म्यावर. रात्री काही झालेच तर सिल्वासाचे विनोबा भावे रुग्णालय तेथून आवाक्यात राहते. शनिवार-रविवार आम्ही मुद्दाम टाळले. गुजरातेत दारूबंदी आहे, या केंद्रशासित प्रदेशात ती नाही. त्यामुळे सुटीच्या दिवशी सुरत-वलसाडकडील पुष्कळ मंडळी तेथे कशासाठी येतात, हे सांगण्याची गरज नाही. त्यांच्या करमणुकीस आमची हरकत नाही. ८९ वर्षांच्या माणसाच्या झोपेशी तिचा मेळ बसत नाही, इतकेच. वैशाखातला वाढदिवसही उन्हाच्या काहिलीत न करता त्यानंतरच्या थंडीत, जानेवारी २०२५मध्ये, मंगळवार-बुधवार पाहून केला. तारखेपेक्षा माणसे मोठी.

आणि या वेळी छायाचित्रे न पाहता दूरध्वनी केला. गाडी थांबते तेथपासून पलंगापर्यंत पायऱ्या किती? उतरण असल्यास ती एक फूट उंचीस बारा फूट लांबीची, म्हणजे नियमाप्रमाणे आहे, की नुसते सिमेंट ओतले आहे? शौचकूपाजवळ धरावयास दांडी आहे काय? न्हाणीत टबाऐवजी प्लास्टिकचे स्टूल मिळेल काय? सात वाजता मऊ भात आणि बिनतिखटाचे वरण कोणी करून देईल काय? वीज गेल्यास जनित्र किती वेळात सुरू होते? पलीकडचा व्यवस्थापक प्रथम गोंधळला. नंतर त्याने स्वतः जाऊन पायऱ्या मोजल्या व पुन्हा दूरध्वनी करून 'तीन' असे कळवले. ती मोजणी आम्हांस कोणत्याही ताऱ्यांपेक्षा मोलाची वाटली.

दुधनीस आम्ही दिवसाउजेडी गेलो. दादा काठावरच्या खुर्चीवर अर्धा तास बसले. समोर पाणी, पलीकडे डोंगर. त्यांनी काठीने दोनदा पाण्याकडे काहीतरी दाखवले. आम्हांस पाण्यावाचून काही दिसले नाही. आई त्यांच्याशेजारी बसून होती आणि तिला मात्र ते दिसत असावे, कारण तिने एकदा 'नाही, जरा डावीकडे' असे म्हटले. शिकाऱ्यात नातवंडे बसली. चारच्या सुमारास आई उठली व म्हणाली, 'चला, उजेड आहे तोवर.' दादा लगेच उठले. इतर वेळी ते इतक्या लवकर उठत नाहीत.

२००७ साली आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा झाला. निर्वाह या शब्दात त्याने अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार यांचा समावेश केला. कायदा याहून पुढे जाऊ शकत नाही, आणि जाऊही नये. विचारपूस कायद्याने होत नाही. 'विचारपूस' हा आपल्या भाषेतला किती जुना, किती नेमका शब्द. आपण त्याचा अर्थ प्रकृतीची चौकशी एवढाच करून टाकला आहे.

आपल्या मंडळाच्या बहुतेक सभासदांची मुले आज दूर गावी किंवा परदेशी आहेत, आणि या पत्रिकेचे वाचक एकाच वेळी कोणाचे तरी पुत्र-कन्या व कोणाचे तरी वृद्ध आई-वडील आहेत. म्हणून आमची विनंती दुहेरी आहे. ज्यांचे आई-वडील सुदैवाने हयात आहेत, त्यांनी पुढच्या वाढदिवसाची खोली ठरवण्यापूर्वी दोघांना वेगवेगळे विचारावे. आणि ज्यांना उद्या मुले विचारतील, त्यांनी 'तुम्ही ठरवाल ते' असे सौजन्याचे उत्तर कृपया देऊ नये. पायऱ्या चढवत नसतील तर तसे सांगावे. अंधाराची भीती वाटत असेल तर तेही सांगावे. आमच्या आईने ते सांगण्यास साठ वर्षांहून अधिक काळ घेतला, कारण तोपर्यंत तिला कोणी विचारलेच नव्हते.