तारांकित किंमत

विधानसभेत तारांकित प्रश्न विचारला की मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं. परदेशी सहलींच्या जाहिरातीतल्या किमतीही तारांकितच असतात. फरक एवढाच, की त्यांना उत्तर द्यायला कोणी उभं राहत नाही. 'युरोप फक्त 1,49,999!' असं अर्धं पान भरून छापलेलं असतं, शेवटच्या नवाच्या डोक्यावर एक इवलीशी चांदणी लुकलुकत असते आणि पानाच्या तळाशी मुंग्यांची रांग जावी तशी एक ओळ गेलेली असते: 'कर व इतर आकार वेगळे.'

परमेश्वर निराकार आहे असं संत सांगून गेले. सहल कंपन्यांना मात्र निराकार असं काही ठाऊकच नाही. त्यांच्याकडे व्हिसाचा आकार वेगळा, विम्याचा वेगळा, टिपांचा वेगळा आणि हे सगळे आकार एकत्र बांधण्याचा 'हँडलिंग' नावाचा आकार आणखी वेगळा. घाटकोपरचे आमचे साडू प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून युरोपला निघाले, तेव्हा हे आकार एकेक करून दर आठवड्याला फोनवर प्रकट होत होते. शेवटचा प्रकट झाला तेव्हा पहिला हप्ता भरून झाला होता, आणि सहल रद्द करण्याचाही एक आकार होताच!

आता कोणी म्हणेल, तुम्हां उपनगरातल्या माणसांना कर भरायला नको. साफ खोटं! माथेरानला दस्तुरी नाक्यावर आम्ही मुकाट्याने माणशी कर भरतो, पावती खिशात घालतो आणि माकडांकडे लक्ष देतो. नाका समोर, पावती हातात, भांडायचं कशाला? परदेशातले कर तरी काय वेगळे आहेत? व्हेनिसने 25 एप्रिल 2024 पासून ठराविक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांवर 5 युरोंची प्रवेश फी बसवली. 2025 मध्ये ऐनवेळी नाव नोंदवणाऱ्यांना ती 10 युरो केली. गाव पाण्यावर उभं, पाहुण्यांनी चेंगरलेलं. घेऊ देत बिचारे. बालीने 14 फेब्रुवारी 2024 पासून दीड लाख रुपिया घ्यायला सुरुवात केली. दीड लाख ऐकून छातीत धस्स होतं, पण आपल्या पैशात ते हजाराच्या आतच बसतात. जपानने 2019 मध्ये देश सोडून जाणाऱ्यांवर 1,000 येनचा कर लावला. आपल्याकडे निघताना हातावर दही देतात, तिकडे पैसे घेतात. पण ते तिकिटातच धरून घेतात, विमानाच्या शिडीवर हात पसरत नाहीत. आणि आपण तरी कुठे सोवळे? 1979 साली आपल्याच सरकारने परदेश प्रवास कर बसवला होता. तो 2004 मध्ये गेला.

तेव्हा भांडण कराशी नाही, 'इतर आकार' या गोधडीशी आहे. बँकेत खतावण्या भरण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला या गोधडीखाली तीन वेगवेगळे देह झोपलेले दिसतात. पहिला देह सरकारी कराचा. तो खरोखर सरकारात जातो. दुसरा टीसीएसचा. 1 ऑक्टोबर 2020 पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर तो कापू लागले. दर पुढे बदलत गेले. पण हा पैसा गेलेला नसतो. आपल्या आयकरात त्याची वळती होते, आणि आयकरच लागत नसला तर विवरणपत्र भरून तो परत मागता येतो. हे साडूंना कोणी सांगितलं? कोणीही नाही! आणि तिसरा देह कंपनीच्या स्वतःच्या नफ्याचा. तो सरकारी टोपी घालून मध्येच झोपलेला असतो. गिऱ्हाईक तिघांनाही 'टॅक्स' समजून सरकारला शिव्या देतं आणि टोपीवाला खुदकन हसतो. आमची बँक-बिरादरीही यात धुतल्या तांदळासारखी नाही. परदेशात कार्ड घासलं की वर दोन-तीन टक्के कापून घेणाऱ्या आमच्यातच आहेत, आणि तो दरही बारीक टायपातच छापलेला असतो.

'जगभर असंच चालतं,' असं काउंटरवरचा टायवाला तरुण म्हणतो. चालत नाही, बाबा! युरोपात 2008 च्या नियमानुसार विमानभाडं सगळ्या करांसकट दाखवावं लागतं. अमेरिकेत 12 मे 2025 पासून हॉटेलवाल्याला सक्तीची फी धरूनच किंमत सांगावी लागते. आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन फसवणुकीचे 13 प्रकार मार्गदर्शक सूचनांत नोंदवले. किंमत अशी थेंब-थेंब गळू देणं हा त्यातलाच एक. म्हणजे रोगाचं नाव सरकारदरबारी लागलेलं आहे, रोगी मात्र अजून पाव पानाच्या जाहिराती देत धडधाकट हिंडतो आहे.

बोरिवलीच्या बाजारात पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर 'सर्व करांसहित' किंमत छापावी लागते. पाच रुपयांना जी शिस्त आहे, ती दीड लाखांना का नसावी? जे भरल्याशिवाय सहलीला नेणारच नाहीत, ते सगळं एका आकड्यात, त्याच ठळक टायपात छापा; आणि सरकारचं किती, परत मिळणारं किती, तुमचं किती, ते खाली सुटं दाखवा. तोवर आपण एवढं करावं: पहिला हप्ता देण्याआधी 'सगळं धरून किती' हे कागदावर सहीशिक्क्यानिशी मागावं. नाही दिलं तर उठून यावं. दिल्यावर पुढे आकडा फुगला तर तो कागद जपून ठेवावा आणि ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर फिरवावा. त्या फोनला निदान वेगळा आकार पडत नाही.