आधी रिकामी मशीद

ऑटिझमचा विषय निघाला की आम्ही शिक्षक टेम्पल ग्रँडिनचं नाव घेतो. अमेरिकेत १९४७ साली जन्मलेली ही मुलगी साडेतीन वर्षांची होईपर्यंत बोलत नव्हती. पुढे पशुविज्ञानाची प्राध्यापक झाली. आम्हाला मात्र तिची आई जास्त आठवते. किशोरवयात टेम्पल नातेवाइकांच्या गुरांच्या फार्मवर जायला घाबरत होती. आईनं सांगितलं, थोडे दिवस जा किंवा सगळी सुट्टी राहा, पण जायचंच. गुरांची ओढ तिला तिथेच लागली.

आपल्याकडे अशा मुलाला ईदच्या नमाजला नेत नाहीत. ‘गर्दीत घाबरतो बिचारा.’ (लोक काय म्हणतील, हेही त्यात असतंच.) लाउडस्पीकर त्याला खरोखर टोचतो, तो हट्ट नव्हे. मग सुरुवात थोड्यानं करा. एखाद्या सकाळी रिकामी मशीद दाखवा: चपला कुठे, वुजू कुठे, बाहेर पडायचं दार कुठलं. नंतर एक जोहर, शेवटच्या सफमध्ये, अब्बांशेजारी. जोहरला किरअत मोठ्यानं नसते. कानांवर हात ठेवले तर ठेवू द्या. इमामसाहेबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणी रागावणार नाही. जुमा त्यानंतर. रमजान ईदला नाही जमलं, तर बकरी ईद आहेच.