अमळनेरच्या पाण्याचे गणित : धरण एकटे पुरणार नाही

अमळनेर - संत सखाराम महाराजांचा यात्रोत्सव वैशाखात भरतो तो बोरी नदीच्या पात्रात. ऐन उन्हाळ्यात नदीच्या वाळूत दुकाने आणि पाळणे थाटता येतात, यातच या शहराच्या पाणीप्रश्नाचे मूळ दडलेले आहे. बोरी शहराच्या मधून वाहते. पण तिच्यावरचे धरण वर पारोळा तालुक्यात तामसवाडीला आहे आणि पावसाळा सरला की शहरातले पात्र कोरडे पडते. त्यामुळे अमळनेरची तहान भागते ती तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या तापीवर, जळोद-कलाली भागातील डोहांवर.

हे डोह आटू लागले, की नजर भुसावळजवळच्या हतनूर धरणाकडे वळते. तेथून नदीत आवर्तन सोडले, तर डोह भरतात. मात्र नदीतून येणारे पाणी वाळूत मुरते, उन्हाने उडते आणि वाटेतही उपसले जाते. खान्देशात पारा ४४ अंशांवर जातो, त्याच दिवसांत हे पाणी सर्वाधिक लागते. धरणातील पिण्याचे आरक्षणही दरवर्षी १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरते. थोडक्यात, अमळनेरचे नियोजन आजवर एका उन्हाळ्यापुरते होत आले आहे. पुढच्या ३० वर्षांचे नव्हे.

गरज किती?

शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत ९१,४५६ आणि २०११ मध्ये ९५,९९४ होती. म्हणजे दहा वर्षांतील वाढ जेमतेम पाच टक्के. मात्र हा आकडा फक्त नगरपालिका हद्दीचा असतो. हद्दीबाहेरच्या नव्या वसाहती कागदावर खेड्यांत मोजल्या जातात, पाणी मात्र शहराकडेच मागतात. २०२१ ची जनगणना झालीच नाही. आता ती २०२७ साठी जाहीर झाली आहे. तोपर्यंत प्रत्येक आराखडा २०११ च्या पायावरच उभा राहतो.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हा केंद्रीय निकष आहे. त्यात १५ टक्के गळती धरली, तर २०११ च्या लोकसंख्येला रोज सुमारे १५ दशलक्ष लिटर पाणी लागते. हीच पाच टक्के वाढ कायम राहिली, तर २०५१ मध्ये ही गरज सुमारे १८.५ दशलक्ष लिटर होईल. वाढीचा वेग दर दशकाला २० टक्के झाला, तर लोकसंख्या दोन लाखांच्या घरात जाऊन गरज ३१ दशलक्ष लिटरच्या पुढे जाईल. आराखड्याने एकाच आकड्यावर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे या तफावतीवरून दिसते.

पाडळसेची आशा

या सर्वांवर उत्तर म्हणून तालुक्यातीलच पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्पाकडे बोट दाखविले जाते. १९९७ मध्ये सुमारे १४२ कोटी रुपयांची मान्यता मिळालेल्या या प्रकल्पाला डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे ४,८९० कोटींची सुधारित मान्यता द्यावी लागली; तेव्हाही काम अपूर्णच होते. प्रकल्पात सुमारे १७ टीएमसी पाण्याचे नियोजन आहे. अमळनेरची २०५१ ची जास्तीत जास्त गरजही वर्षाला ०.४ टीएमसीच्या आसपास, म्हणजे त्याच्या अडीच टक्क्यांहून कमीच भरते.

याचा अर्थ असा, की शहराला पाणी कमी नाही. हक्काचा, उन्हाळ्यात टिकणारा साठा नाही. हा प्रकल्प प्रामुख्याने सिंचनासाठी आहे. पुढे शेतीचे लाभक्षेत्र विस्तारले, की टंचाईच्या वर्षात वाटपाचा वाद अटळ आहे. राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला क्रम आहे. पण क्रम कागदावर असणे आणि शहराचा वाटा कायमस्वरूपी करारात नोंदलेला असणे, यांत अंतर आहे. धरण भरण्यापूर्वीच हा वाटा निश्चित करून घेणे नगरपालिकेच्या हिताचे ठरेल.

गळतीतील पाणी

दुसरा प्रश्न शहरातल्या जलवाहिन्यांचा आहे. समजा, गळती १५ ऐवजी ४० टक्के असली, तर त्याच लोकसंख्येसाठी १५ ऐवजी २१ दशलक्ष लिटरहून अधिक पाणी उचलावे लागते. वाया जाणारे हे जादा पाणी सुमारे ४० हजार लोकांना पुरेल एवढे आहे आणि ते तापीवरून चढवून आणण्याचे वीजबिल पालिकाच भरते. काही दिवसांआड पाणी येते तेव्हा घरोघरी टाक्या-पिंपे भरली जातात, नवे पाणी आले की जुने ओतून दिले जाते आणि नळाला मोटारी लावल्याने शेवटच्या टोकाची घरे कोरडी राहतात. मीटर नसेल, तर पाणी नेमके कोठे मुरते, हे कोणालाच सांगता येत नाही.

तिसरा मुद्दा सांडपाण्याचा. पुरवठ्याच्या सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते शुद्ध करून बांधकाम, उद्याने आणि शेतीकडे वळविले, तर पिण्याच्या पाण्यावरचा ताण कमी होईल आणि बोरीचे पात्रही स्वच्छ राहील.

पाडळसे पूर्ण व्हायलाच हवे, याबद्दल दुमत नाही. पण धरणासाठी शहराला मुंबई-दिल्लीकडे पाहावे लागते. गळती शोधणे, मीटर बसविणे आणि सांडपाणी शुद्ध करणे ही कामे मात्र पालिकेच्या आवाक्यातील आहेत. ती झाली नाहीत, तर धरण भरूनही पाण्याची पाळी चुकणार नाही.