मुलांच्या स्कूबा डायव्हिंगसाठी बंधनकारक नियम करावेत: मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग
मा. अधिकारी, पर्यटन संचालनालय व महाराष्ट्र सागरी मंडळ

अर्जदार: मालवण-तारकर्ली किनाऱ्यावरील स्कूबा गाईडांची संघटना

महोदय,

सुट्ट्यांत आमच्या बोटींवर लहान मुले मोठ्या संख्येने येतात. समुद्राखालचे जग त्यांनी पाहावे असे आम्हालाही वाटते. मात्र कोणत्या वयाच्या मुलाला, किती खोल आणि कोणाच्या भरवशावर न्यायचे, हे आज बोटीवरच्या घाईत ठरते. पैसे भरलेले असतात, मागे रांग असते. शिडी घट्ट धरून ठेवलेले मूल माउथपीस तोंडातून काढून मान हलवते आणि वरून पालक "काही होत नाही, जा" म्हणतात. अशा वेळी गाईडच्या नकारामागे नियमाचे बळ हवे.

धोका नेमका कोठे आहे? १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तेथून श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसांतील हवा दुपटीने फुगू पाहते व फुप्फुस फाटू शकते. अशी इजा दीड-दोन मीटरवरूनही होऊ शकते. घाबरलेले मूल नेमके हेच करते: श्वास रोखते आणि वर धावते. मुलांची कान-घसा नलिका अरुंद असते, त्यामुळे नाक दाबून कान मोकळे करणे त्यांना जड जाते. त्यांचे अंगही लवकर गारठते. 'पाडी' ही डायव्हिंग प्रशिक्षणाची आंतरराष्ट्रीय संस्था ८ वर्षांच्या मुलांना केवळ २ मीटरपर्यंत नेते आणि १० वर्षांपासून १२ मीटरच्या मर्यादेत प्राथमिक अभ्यासक्रम देते. आमच्या मागण्या याच धर्तीवर आहेत.

१. १० वर्षांखालील मुलांना समुद्रात स्कूबासाठी नेण्यास मनाई असावी. ८ ते १० वयोगटाला फक्त जलतरण तलावात, २ मीटरपर्यंत अनुभव द्यावा. वयाचा दाखला पाहणे सक्तीचे करावे.

२. दमा, फिट, हृदयविकार किंवा कानाचा आजार असल्यास डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय प्रवेश नसावा. सर्दी असल्यास त्या दिवशी डाइव्ह नको.

३. समुद्रात एका मुलामागे एक प्रमाणित गाईड असावा. हौशी डाइव्ह ५ मीटरच्या आतच व्हावी.

४. मुलांच्या मापाचे मास्क, माउथपीस, जॅकेट व वेटसूट नसतील, तर केंद्राला मुलांसाठी परवानगी देऊ नये.

५. प्रत्येक बोटीवर ऑक्सिजन, प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती आणि सर्वांसाठी लाइफ जॅकेट असावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक दगावले. बोटीवरची सुरक्षाही तितकीच गंभीर बाब आहे. डायव्हिंगमधील इजांवर उपचार करणाऱ्या दाबकक्षापर्यंत रुग्ण पोहोचवण्याची लेखी योजना जिल्हा प्रशासनाने करावी.

६. मुलाने नकार दिल्यास किंवा गाईडने थांबवल्यास पूर्ण रक्कम परत मिळावी आणि गाईडची मजुरी कापली जाऊ नये. पैसे बुडण्याची भीती गेल्याशिवाय बाकीचे नियम कागदावरच राहतील.

७. किरकोळ दुखापतींसह प्रत्येक घटनेची नोंद ठेवून दरवर्षी प्रसिद्ध करावी.

या नियमांमुळे काही ग्राहक कमी होतील, याची आम्हाला कल्पना आहे. तो तोटा सोसायला आम्ही तयार आहोत. पावसाळ्यानंतरचा हंगाम सुरू होण्यापूर्वी गाईड, केंद्रचालक व डॉक्टरांची संयुक्त बैठक बोलवावी आणि लेखी आदेश काढावा, ही विनंती.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद