बेस कमी नाही, हिशोब कमी आहे!

रात्री पाम बीच रोडवर पाच मिनिटं उभं राहून बघा. गाडी दिसायच्या आधी तिची डिकी ऐकू येते. गाणं कुठलं ते कळत नाही, नंबर प्लेटचा खडखडाट मात्र एकदम क्लिअर! आणि मालकाला विचारा, उत्तर ठरलेलं : "बेस अजून कमीच आहे यार, मोठा अ‍ॅम्प टाकायचाय."

मित्रांनो, माझं मत सरळ आहे. बेस बहुतेक वेळा वॅट कमी असल्यामुळे पडत नाही, गणित न केल्यामुळे पडतो. तेही बारावीचं गणित. दुकानदाराने ते नाही केलं तर एकवेळ चालेल. पण ओहमचा नियम घोकून इथवर आलेल्या भावी इंजिनीअरने खोक्यावरचा '2000 वॅट' वाचून खिसा रिकामा करावा? मग आपल्यात आणि इतरांत फरक तो काय?

खोक्यावरचा मोठा आकडा असतो 'मॅक्स' किंवा 'पीएमपीओ'. तो विसरा. बघायचा तो आरएमएस, आणि तोही किती ओहमला ते विचारून. समजा अ‍ॅम्प ब्रिज करून 4 ओहमला 300 वॅट आरएमएस देतो आणि त्याहून कमी ओहम त्याला झेपत नाही. तुम्ही आणला 4 अधिक 4 ओहमच्या दोन कॉइलचा सबवूफर. पॅरलल जोडला तर 2 ओहम : अ‍ॅम्प तापणार, प्रोटेक्शनमध्ये जाणार. सिरीज जोडला तर 8 ओहम : पॉवर जवळपास निम्मी. म्हणजे दोन्हीकडून गोची! तोच सब 2 अधिक 2 ओहमचा घेतला असता तर सिरीजमध्ये बरोबर 4 ओहम. किंमत तीच, डोकं थोडं जास्त.

आता मोठ्या अ‍ॅम्पचं गणित. पॉवर दुप्पट केली की आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला 'डबल' वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर! शिवाय 500 वॅट आरएमएसचा क्लास डी अ‍ॅम्प, 80 टक्के एफिशियन्सी धरली तरी, फुल लोडला 13.8 व्होल्टवर सुमारे 45 अँपिअर ओढतो. त्याच अल्टरनेटरवर हेडलाइट, वायपर, एसीचा ब्लोअर. मग प्रत्येक ठोक्याला लाइट मंद होतात आणि आपण त्याला 'इफेक्ट' समजतो.

म्हणून खर्चाआधी या फुकटच्या गोष्टी करा. सबच्या दोन वायर उलट करून ऐका. दाराचे स्पीकर बाहेर ढकलत असताना सब आत ओढत असेल, तर दोघं एकमेकांचा बेस खातात. ज्या जोडणीत ड्रायव्हरच्या सीटवर बेस भरीव लागेल ती ठेवा. लो पास 80 हर्ट्झच्या आसपास ठेवा. मग ग्राउंड तपासा : रंग खरवडून उघड्या पत्र्यावर, आखूड आणि जाड वायर. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, तिथे गंज चढला की बेसही ढिला आणि इंजिनाबरोबर चढणारी शिट्टीही सुरू.

आणि गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे! सब काढून ठेवा, बेस बूस्ट बंद करा, 50 हर्ट्झचा टोन लावा, हेड युनिट तीन-चतुर्थांश व्हॉल्यूमला ठेवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर घेऊन आउटपुट मोजा. 4 ओहमला 300 वॅट म्हणजे 1200 चं वर्गमूळ, सुमारे 34.6 व्होल्ट. तिथे थांबा. त्यापुढे साइन वेव्हचा माथा कापला जातो. पूर्ण चौकोन झाला की त्याच उंचीच्या लाटेत दुप्पट पॉवर, आणि मग कॉइल जळल्याचा वास.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. बॅटरीपासून डिकीपर्यंत जाणाऱ्या पॉझिटिव्ह वायरचा फ्यूज बॅटरीलगत, फूट-दीड फुटात हवा. डिकीतला फ्यूज त्या वायरला वाचवत नाही. पत्र्याला घासून वायर सोलली, तर बॅटरीचा सगळा करंट तिथून जाणार आणि गाडी पेट घेऊ शकते. आत मित्र बसलेले असतात, हे लक्षात ठेवा.

राहिला शेजाऱ्यांचा प्रश्न. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रहिवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबलची मर्यादा आहे. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ 7 मीटर लांब, काच वर केली म्हणून ती थांबत नाही. नेरूळ-सीवूड्सच्या सोसायट्यांत उद्या कुणाची तरी परीक्षा असते, कधी आपलीच!

ओहमच्या नियमात एटीकेटी घेऊन अ‍ॅम्प बदलत बसण्यापेक्षा लॅमिंग्टन रोडला जाल तेव्हा आधी एक बरा मल्टिमीटर घ्या. लॅबलाही कामाला येईल. मग सांगा, बेस खरंच कमी होता का?