दिवाळे आणि अब्रू

ऋण फेडणे हा आपल्याकडे धर्म मानला गेला. म्हणूनच दिवाळे निघणे हा अब्रूचाही प्रश्न ठरतो. मुंबईबाहेर आजही लागू असलेल्या १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्यानुसार, न्यायालयाने नादार ठरविलेल्या व्यक्तीचे नाव व पत्ता राजपत्रात प्रसिद्ध होतो. धनकोंना आपला दावा मांडता यावा, हा हेतू रास्तच. परंतु राजपत्रे आता कोणालाही घरबसल्या संगणकावर पाहता येतात. न्यायालयाने ऋणमुक्त केल्यावरही ती नोंद माणसाचा, त्याच्या मुलाबाळांचा पाठलाग करीत राहते. खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला आहे. लबाडांना आडोसा नकोच. पण आजारपणाने वा धंदा बुडाल्याने खचलेल्या प्रामाणिक ऋणकोचे नाव मुक्ततेनंतर तरी लोकांच्या नजरेआड करण्याची तरतूद शासनाने करावयास हवी.